नाव आनंदीचे, निवड कोणाची?

मराठी स्त्रियांच्या नावांत 'आनंदी' या नावाचा इतिहास काहीसा चमत्कारिक आहे. गेल्या दीड शतकात ज्या दोन आनंदींमुळे या नावास प्रतिष्ठा लाभली, त्या दोघींनाही ते आईबापांनी पाळण्यात दिलेले नव्हते. कल्याणची यमुना आणि देवरूखची गोदू या दोन मुली विवाहानंतर आनंदी झाल्या. नद्यांची नावे मागे पडली आणि दोघींच्या वाट्यास एकच नाव आले.

शब्दापुरते पाहिले तर 'नन्द्' धातूस 'आ' हा उपसर्ग लागून 'आनंद' झाला. संस्कृतच्या शिस्तीप्रमाणे 'आनन्दी' हे 'आनन्दिन्' या शब्दाचे पुल्लिंगी रूप होय. स्त्रीलिंगी रूप 'आनन्दिनी' असे व्हावयास हवे. मराठीने ही अडचण मनावर घेतली नाही. लक्ष्मी, पार्वती, जानकी यांच्या पंगतीत तिने आनंदीस बसविले आणि विशेषण म्हणून तोच शब्द पुरुषांसही मोकळा ठेवला. देवता व नद्या यांच्या नावांची रेलचेल असलेल्या त्या काळी मनाच्या एका अवस्थेवरून ठेवलेले हे नाव वेगळे उठून दिसते. सुनेसाठी ते निवडण्यात आशीर्वाद जितका, तितकीच अपेक्षाही असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या नावाचे रत्नागिरी जिल्ह्याशी असलेले नाते जुने आहे. राघोबादादांची पत्नी आनंदीबाई ही गुहागरजवळच्या मळण गावच्या ओकांची मुलगी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'ध'चा 'मा' केल्याचा ठपका लोककथेने या बाईंच्या माथी कायमचा मारला. एवढ्या अपकीर्तीनंतर एखादे नाव समाजाने टाकून दिले असते तर नवल नव्हते. पण पुढील शंभर वर्षांतही मराठी घरांतून सुनांना ते दिले जात होतेच.

यमुनेचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला व ती आनंदी झाली. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे तिने वैद्यकाची पदवी मिळविली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात तिचे निधन झाले. शुक्र ग्रहावरील एका विवरास आज तिचे नाव आहे. पण तेथे ना यमुना आहे, ना आनंदी. तेथे आहे फक्त 'जोशी'.

देवरूखच्या गोदूबाईंची कथा आपल्या अधिक जवळची. बालपणीच विवाह आणि लगोलग वैधव्य आलेल्या या मुलीस तिचे बंधू नरहरपंत यांनी मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. या विवाहापायी मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, हे सर्वश्रुत आहे. ज्या विवाहाने एवढी मोठी रूढी मोडली, त्या विवाहातही वधूचे नाव बदलण्याची रूढी मात्र अबाधित राहिली! पुढे १९४४ साली 'माझे पुराण' प्रसिद्ध झाले, तेही आनंदीबाई कर्वे याच नावाने.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून 'बाई' हा प्रत्यय गळू लागला आणि त्याबरोबर आनंदीही जुनाट ठरली. तिची जागा सुनंदा, नंदा, नंदिनी यांनी घेतली. धातू तोच, पेहराव नवा. वर्गाच्या हजेरीपटावर आनंदी आज क्वचितच भेटते. २००८ मधील 'बालिका वधू' ही हिंदी मालिका आणि २०१९ चा 'आनंदी गोपाळ' हा चित्रपट यांनी हे नाव पुन्हा लोकांच्या कानी घातले. आता कोणी ते ठेवलेच तर पाळण्यात ठेवील, हा फरक लहान नव्हे.

विवाहानंतर आडनाव बदलण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे. जपानमध्ये पतिपत्नींनी एकच आडनाव लावावे असा कायदाच आहे. उलट कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८१ पासून स्त्रीचे जन्मनाव विवाहानंतरही कायम ठेवले आहे. आपल्याकडे मात्र प्रश्न आडनावाशी थांबत नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की मुलीचे पहिले नावही जाते. असा बदल करण्याची सक्ती कोणताही भारतीय कायदा करीत नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास येथे भावनेपलीकडचा प्रश्न दिसतो. नाव हे मालमत्तेच्या कुलुपाची किल्ली असते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. पण कोकणातील बहुहिस्सेदारांच्या सातबाऱ्यावर नोंद व्हावयाची ती माहेरच्या नावाने, तर आधारपत्र व बँकेचे पुस्तक सासरच्या नावाने. दोन्ही व्यक्ती एकच, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते. राजपत्रातील नोंद अथवा विवाहाचा दाखला शोधावा लागतो. भावास यातील एकही खेप पडत नाही. तालुक्याच्या गावी दोन दिवस मोडणाऱ्या स्त्रीची मजुरी बुडते, आणि मग 'हक्कसोड लिहून दे' हा घरातील सल्ला तिला सोयीचा वाटू लागतो.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णय या दृष्टीने लक्षणीय आहे. १ मे २०२४ व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव येईल. विवाहितेच्या बाबतीत प्रचलित पद्धत कायम ठेवली असली, तरी मालमत्तेच्या दस्तात विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभा तिला मिळाली आहे. ही मुभा तलाठ्यापर्यंत आणि मुख्य म्हणजे त्या स्त्रीपर्यंत कितपत पोहोचली, हे गावोगाव विचारून पाहण्याजोगे आहे.

आईचे नाव मुलाच्या नावात आले तरी कोणते, हा प्रश्न उरतोच. आजची पद्धत त्या काळी असती तर आनंदीबाईंचे पुत्र 'दिनकर आनंदी धोंडो कर्वे' म्हणून नोंदले गेले असते. देवरूखची गोदू त्या नोंदीतही आली नसती.