पिंपळगावची शिरोरेषा तुटू नये म्हणून

पिंपळगाव रेणुकाई. मोबाइलच्या पडद्याची परीक्षा पाहावी ती या नावाने. ‘पिं’च्या डोक्यावर वेलांटी आणि अनुस्वार, ‘णु’च्या पायाशी उकार, शेवटच्या ‘ई’वर रफारासारखं वळण. भोकरदन तालुक्यातलं हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. समजा, तिथले भाव दाखवणारं एक पान आपण तयार करतोय. इंग्रजी शीर्षकांसाठी ठरवलेली मापं जशीच्या तशी लावली, तर वरच्या ओळीतल्या ‘तालुका’चा उकार खालच्या ‘पिं’च्या अनुस्वाराला जाऊन भिडतो. अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून त्यांच्यात अंतर टाकलं, तर शिरोरेषाच तुटते आणि गावाच्या नावाचे तुकडे होतात. मला हे पाहवत नाही.

उपाय तीन ओळींचा आहे. फाँट देवनागरीचा, म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या ‘मुक्ता’सारखा, ओळीची उंची अक्षराच्या दीडपट किंवा थोडी जास्त, अक्षरांमधलं जादा अंतर शून्य. पण शीर्षक, भावांचा तक्ता, बटण, बातमी अशा प्रत्येक ठिकाणी त्याच तीन ओळी लिहायच्या म्हटलं, की एखादी राहतेच.

इथे ‘सास’ कामाला येतं. हॅम्प्टन कॅटलिन यांच्या कल्पनेतून २००६ मध्ये आलेला हा स्टाइलशीटचा प्रीप्रोसेसर. त्यात नियमांच्या गठ्ठ्याला नाव देता येतं, आणि ते देवनागरीतही चालतं: ‘मराठी-मजकूर’. या गठ्ठ्याला म्हणतात मिक्सिन. शब्द आला आइस्क्रीमच्या दुकानातून. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सॉमरव्हिल इथे स्टीव्ह हेरेल आइस्क्रीममध्ये गिऱ्हाइकाच्या आवडीचा खाऊ कालवून देत. एमआयटीच्या प्रोग्रामरांनी तो शब्द उचलला. आपल्याकडे याला वाटण म्हटलं असतं. एकदा वाटून ठेवलं की आमटीतही चालतं, भरल्या वांग्यातही, आणि तिखट कमी-जास्त करता येतं. मिक्सिनलाही तसंच माप देता येतं: शीर्षकाला १.५, बाकी सगळीकडे आपोआप १.७.

ब्राउझरला मात्र सास कळत नाही. प्रीप्रोसेसर आधीच सगळं ब्राउझरला कळणाऱ्या साध्या सीएसएसमध्ये उतरवतो आणि मिक्सिन जिथे बोलावलं तिथे तिथे त्या ओळींची नक्कल ठेवतो. वीस ठिकाणी बोलावलं तर वीस नकला, फाइल फुगते. म्हणून मापं कुठेच बदलत नसतील, तर एक साधा क्लास बरा.

आपल्या पानावर ती बदलतात. उद्या फाँट बदलला, वेलांट्या आणखी उंच निघाल्या, तर ‘मराठी-मजकूर’मध्ये एक आकडा वाढवायचा. तक्त्यातल्या, बातमीतल्या, बटणावरच्या प्रत्येक ‘पिं’चा अनुस्वार पुन्हा मोकळा.