सदनिकेतील न्हाणीघराचा जीर्णोद्धार

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. जवळचे सांगानेर छापील कापडासाठी आणि हातकागदासाठी पूर्वापार विख्यात. सीतापुऱ्याची ओळख मात्र रत्ने, दागिने व तयार कपडे यांच्या कारखान्यांनी घडविली. कारखान्यांमागून वस्ती आली आणि वस्तीमागून अनेक मजल्यांच्या इमारती. अशा इमारतीतील सदनिका जुनी होऊ लागली की प्रथम थकते ते तिचे न्हाणीघर. फरशीच्या दरजा उघड्या पडतात, तोट्यांवर पांढरी पुटे चढतात, आणि एके दिवशी खालच्या मजल्यावरील शेजारी वर येऊन सांगतो, की त्याच्या छताला ओल आली आहे.

बेताच्या मिळकतीच्या गृहस्थापुढे मग प्रश्न उभा राहतो, की हाती असलेल्या थोड्या पैशांत काय करावे आणि काय राहू द्यावे? या प्रश्नाचे उत्तर एका साध्या वस्तुस्थितीत आहे. स्वतंत्र घरातील न्हाणीची जमीन भुईवर असते, तर सदनिकेतील न्हाणीची जमीन हे दुसऱ्या कुणाचे तरी छत असते. म्हणून पैसा अपुरा असेल तेव्हा तो प्रथम फरशीच्या खाली खर्च करावा, आणि उरेल तो फरशीच्या वर.

व्यवहारात बहुधा याच्या उलट घडते. दुकानात मांडलेल्या चकचकीत फरशा, नवे कुंड आणि आरसा यांवर बहुतेक रक्कम संपते आणि जलरोधनाच्या कामावर काटछाट होते. जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवून देणारा कारागीर स्वस्त पडतो. परंतु खालची गळती तशीच राहिली, तर वर्षा-दोन वर्षांत नवी फरशीही फोडावी लागते. तोपर्यंत ओल स्लॅबमधील सळयांपर्यंत पोचलेली असते. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. मग ढलपे सुटून खाली पडू लागतात. शेजाऱ्याच्या छतावरचा पिवळा डाग ही केवळ रंगाची हानी नसून इमारतीच्या बळाची हानी आहे, हे ध्यानी घ्यावे.

तेव्हा हातोडा उचलण्यापूर्वी दोष कोठे आहे याचे निदान करावे. पाणी तीन वाटांनी गळते. पहिली वाट नळाच्या नळीची, दुसरी सांडपाण्याच्या नळीची, आणि तिसरी फरशीच्या सांध्यांची. घरात कोणी स्नान करो वा न करो, गळती अहोरात्र सारखीच चालू राहिली, तर संशय नळाच्या नळीवर घ्यावा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून टाकीची पातळी पाहिली, की हा संशय पडताळता येतो. स्नानानंतरच गळती वाढत असेल, तर दोष फरशीत किंवा सांडपाण्याच्या जोडात असण्याचा संभव अधिक. मात्र निष्कर्षाची घाई करू नये. आपल्याकडील अनेक इमारतींत न्हाणीखालचा स्लॅब सुमारे एक फूट खोलगट ठेवून त्यात नळ्या घालतात व वर विटांचे तुकडे भरतात. या खोलगट भागात पाणी साचते आणि वाट सापडेल तेथून झिरपते. त्यामुळे डाग एका कोपऱ्यात व दोष दुसऱ्या कोपऱ्यात, असे वारंवार दिसते.

इमारत नवी असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ या कायद्यान्वये सदनिकेचा ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निदर्शनास आणून दिल्यास, तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे हे विकासकाचे कर्तव्य आहे. ही मुदत शिल्लक असताना पदरमोड करून फरशी फोडणे म्हणजे स्वतःचा हक्क स्वतःच बुडविणे होय.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जुनी फरशी काढताना यंत्राचा बेसुमार धक्का स्लॅबला बसू नये. वेळ अधिक लागला तरी छिन्नी-हातोडीने केलेले काम हिताचे. गंजलेल्या लोखंडी नळ्या एकदा उघड्या पडल्या की त्या तशाच ठेवून वर फरशी बसविणे ही काटकसर नव्हे. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी जातीची नळी वापरावी. साधी पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते. भिंत बुजविण्याआधी नळ्यांत दाबाने पाणी भरून जोड पाहून घ्यावेत. त्यानंतर जलरोधक लेप द्यावा. तो जमिनीपुरता न थांबता भिंतींवर निदान फूटभर, आणि स्नानाच्या कोपऱ्यात माथ्याच्या उंचीपर्यंत चढवावा. जमीन व भिंत मिळतात तो कोपरा आणि नळी जमिनीतून जाते ती जागा, ही दोन मर्मस्थाने होत.

लेप वाळल्यावर जी कसोटी घ्यावयाची तिला जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि तरीही तीच सर्वांत अधिक टाळली जाते. सांडपाण्याचे तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी भरावे आणि दोन दिवस तसेच ठेवावे. खालच्या शेजाऱ्याला आधी कळवून, त्याच्या घरी जाऊन छत पाहावे. छत कोरडे राहिले तरच फरशी बसवावी आणि कारागिराचा पुढचा हप्ता द्यावा. हप्ता या परीक्षेशी बांधलेला आहे असे कामाच्या आरंभीच लिहून घेतले, म्हणजे पुढे वाद उरत नाही.

फरशी बसविताना उतार विसरू नये. लांबीच्या ८० भागांस १ भाग, म्हणजे पाच फुटांच्या अंतरात पाऊण इंच, एवढा उतार पाणी वाहून जाण्यास पुरतो. पाणी जेथे जाते त्या जाळीखालच्या भांड्याला नळकाम करणारे देशभर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. न्हाणीशी असलेले त्याचे नाते मराठी माणसाला सांगावयास नकोच. या भांड्यात सुमारे दोन इंच पाणी सदैव साठून राहते आणि गटारातील दुर्गंधी व झुरळे यांना अडविते. जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घर काही आठवडे बंद राहिले तर हे पाणी आटून जाते. परत आल्यावर दुर्गंधी आली, तर फोडतोड न करता आधी एक तांब्या पाणी त्यात ओतून पाहावे.

फरशीच्या वर काटकसरीला भरपूर वाव आहे. पाच फूट रुंद व सात फूट लांब अशी न्हाणी घेतली, तर चारही भिंतींना सात फूट उंच फरशी लावण्यास, दाराची जागा वगळून, सुमारे १५० चौरस फूट माल लागतो. स्नानाच्या कोपऱ्यातील आठ फूट लांबीच्या भिंतींनाच पूर्ण उंची देऊन अन्यत्र चार फुटांवर थांबले, तर ११० चौरस फुटांत काम भागते. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक माल वाचतो. वरच्या भागास ओल सोसणारा रंग पुरे. शंभरास दहा फरशा मात्र जादा घ्याव्यात आणि उरतील त्या जपून ठेवाव्यात, कारण तीच छटा पुढे बाजारात मिळेलच असे नाही.

राजस्थानात राहणाऱ्याला संगमरवराचा मोह होणे स्वाभाविक आहे. मकराणा दूर नाही आणि किशनगढची बाजारपेठ अजमेरच्या वाटेवरच आहे. तथापि झिलई केलेला संगमरवर ओला झाला की निसरडा होतो, आणि घरात वृद्ध माणूस असेल तर ते जोखमीचे ठरते. त्याहून खरखरीत पृष्ठाची कोटा फरशी बरी. ती याच प्रांतातली, टिकाऊ आणि तुलनेने स्वस्त. पण एक पथ्य दोन्ही दगडांना लागू आहे. येथील विंधण विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यातील चुन्याचे क्षार तोट्यांवर व फरशीवर पांढरे डाग पाडतात, आणि ते घालविण्यासाठी लोक तेजाब वापरतात. परंतु संगमरवर काय किंवा कोटा फरशी काय, दोन्ही मूलतः चुनखडीच्याच जातीचे. जे अम्ल डाग खाते ते दगडही खाते, आणि सिमेंटच्या दरजाही पोखरते. गळतीचा आरंभ पुष्कळदा अशा स्वच्छतेतूनच होतो. स्नान झाल्यावर फरशी पुसून कोरडी करणे हा याहून सोपा उपाय.

पैसा उरला तर तो शौचकूपाच्या टाकीवर खर्च करावा. जुनी टाकी एका वेळी १० लिटर पाणी सोडते; दोन कळांची नवी टाकी गरजेप्रमाणे ३ किंवा ६ लिटर सोडते. चार माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा वापर केला आणि त्यात एकदाच मोठी कळ दाबली, तर २०० लिटरांऐवजी ७२ लिटर लागतात. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयन ज्या रामगढ तलावात झाले, तो जयपूरला पाणी पुरविणारा तलाव पुढे कोरडा पडला. आज शहराची भिस्त शंभर किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या बिसलपूर धरणावर आहे. अशा नगरात रोजच्या १२८ लिटरांचे मोल निराळे सांगावयास नको.

जुना आरसा, जुने कुंड, जुनी कपाटे चालण्याजोगी असतील तर खुशाल ठेवावीत. ती पुढे केव्हाही बदलता येतात. विजेची सुरक्षा मात्र पुढे ढकलू नये. गीझरला योग्य भूसंबंधन आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी, या गोष्टी जिवाच्या आहेत.

काम पुरे झाल्यावर पाहुण्याच्या नजरेस भरेल असे अशा न्हाणीघरात कदाचित थोडेच असेल. निम्म्या भिंतींना रंगच दिसेल, कुंडही जुनेच असेल. पण शेजाऱ्याचे छत दोन पावसाळ्यांनंतरही कोरडे राहिले, तर पैसा योग्य ठिकाणी गेला असे समजावे.