मल्टिप्लायरचा गुंता : दोष रिळाचा की अंगठ्याचा?

अकोले तालुक्यात प्रवरेवरील भंडारदऱ्याचे विल्सन धरण, राहुरी तालुक्यात मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर आणि शेवगाव-नेवासे भागापर्यंत पसरलेले जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी, असे मोठे जलाशय अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला लाभले आहेत. तेथे गळाने मासे धरण्याचा छंद जोपासणाऱ्यांपुढे पहिली अडचण येते ती अंतराची. काठालगत पाणी उथळ असेल, तर कटला किंवा रोहूसाठी गळ दूरवर टाकावा लागतो. त्यासाठी हौसेने मल्टिप्लायर जातीचे रीळ विकत घेतले जाते आणि पहिल्याच फेकीत त्यावर दोऱ्याचे भेंडोळे तयार होते. इंग्रजी भाषक मासेमार त्याला 'पक्ष्याचे घरटे' म्हणतात. मग दोष रिळाला किंवा नशिबाला दिला जातो. वास्तविक या गुंत्यामागे साधे यंत्रशास्त्र आहे आणि ते समजले की तो बहुतांशी टाळता येतो.

दोऱ्यापेक्षा चक्री पुढे

हाताच्या मुठीचा एक फेरा फिरवला की दातेरी चाकांमुळे दोऱ्याची चक्री पाच-सहा फेरे फिरते. फेऱ्यांचा असा गुणाकार होतो म्हणून हे मल्टिप्लायर. अमेरिकेत केंटकी राज्यातील पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १८२०च्या सुमारास अशी रिळे बनवली. दातेरी चाकांची सवय असलेल्या कारागिराच्या हातून ती घडली, हे स्वाभाविकच होते.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या साध्या 'स्पिनिंग' रिळात फेकीच्या वेळी चक्री स्थिर राहते आणि दोरा तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतो. मल्टिप्लायरमध्ये मात्र पुढे झेपावणारे शिसे दोरा ओढते आणि दोरा चक्रीला फिरवतो. दोऱ्यासह चक्रीचा व्यास साडेतीन सेंटिमीटर धरला, तर एका फेऱ्यात सुमारे ११ सेंटिमीटर दोरा सुटतो. शिसे सेकंदाला २० मीटर वेगाने निघाले, तर चक्री मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेऱ्यांच्या गतीने फिरू लागते.

घोटाळा येथेच होतो. हवेच्या विरोधामुळे शिशाचा वेग क्षणोक्षणी घटतो. चक्री मात्र जडत्वामुळे आधीच्याच वेगाने फिरत राहते. जेवढा दोरा बाहेर जातो त्यापेक्षा अधिक सुटा होतो आणि तो चक्रीवरच फुगून एकमेकांत अडकतो. हा धोका दोन क्षणी सर्वाधिक असतो : काठीला हिसका बसून चक्री एकदम उसळते तेव्हा, आणि शिसे पाण्यावर आपटून थांबते तेव्हा.

आधी रीळ जुळवावे

हा फरक भरून काढण्यासाठी रिळात निरनिराळे ब्रेक असतात. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये चक्रीसोबत फिरणारे बारीक ठोकळे बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात. वेग दुप्पट झाला की त्यांचा दाब चौपट होतो. म्हणून ते आरंभी जोरदार आणि शेवटी जवळजवळ निष्क्रिय असतात. चुंबकीय ब्रेकमध्ये धातूच्या चक्रीला स्पर्शही न होता, तिच्यात निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे गती रोखली जाते. चक्रीच्या आसावर थेट दाब देणारा एक नॉबही बाजूला असतो.

या नॉबची जुळणी सोपी आहे. काठीच्या टोकाला शिसे लटकवून चक्री मोकळी करावी. शिसे संथपणे खाली आले आणि जमिनीला टेकताच चक्री थांबली, तर जुळणी योग्य समजावी. शिशाचे वजन बदलले की ही चाचणी पुन्हा करावी. नवशिक्याने बाकीचे ब्रेकही आरंभी पूर्ण आवळूनच ठेवावेत. फेक थोडी तोकडी पडेल. पण गुंता सोडवण्यात संध्याकाळ जाणार नाही.

चक्री काठोकाठ भरण्याचा मोहही टाळावा. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवल्यास दोरा नीट राहतो. सरावासाठी फार बारीक दोरा आणि अगदी हलके आमिष सोयीचे नसते. १५ ते २० ग्रॅमचे वजन चक्रीला एकसारखे ओढते.

सराव कोरड्या मैदानावर

ब्रेक कितीही चांगले असले, तरी अखेरचा ब्रेक म्हणजे माणसाचा अंगठा. त्याला शिकवण्याची जागा धरणाचा काठ नव्हे, तर मोकळे मैदान. गळ काढून केवळ वजन बांधावे. मागे कोणी नाही आणि वर विजेच्या तारा नाहीत, याची खात्री करून घ्यावी. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, हे अनेकांना ठाऊक नसते.

अंगठ्याने चक्री दाबून काठी मागे न्यावी आणि हिसका न देता वाढत्या गतीने पुढे आणावी. अंगठा उचलताच तो चक्रीपासून दूर नेऊ नये. दोऱ्यावर निसटता टेकलेला ठेवावा. दोरा फुगू लागल्याचे अंगठ्याला डोळ्यांच्या आधी कळते. वजन जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी चक्री पूर्ण दाबावी. प्रारंभी १५-२० मीटरच्या फेकी पुरेशा आहेत. सलग वीस-पंचवीस फेकी निर्वेध गेल्या की ब्रेक एक घर सैल करावा. वारा समोरून असेल तर तो पुन्हा आवळावा.

गुंता झालाच तर दोरा ओढू नये. ओढल्याने गाठी आवळतात. अंगठ्याने चक्री घट्ट दाबून मूठ दोन-तीन फेरे फिरवावी, चक्री मोकळी करून दोरा हलकेच बाहेर काढावा. बहुतेक साधे गुंते एवढ्याने सुटतात. दोरा परत गुंडाळताना तो चिमटीत ताणून धरावा. सैल गुंडाळलेला दोरा म्हणजे पुढच्या गुंत्याची तयारीच.

कापलेला दोरा कोठे जातो?

न सुटणारा गुंता शेवटी कापला जातो आणि बहुधा तेथेच टाकला जातो. आपल्याकडे 'तंगूस' म्हणून ओळखला जाणारा हा नायलॉनचा दोरा सुतासारखा कुजत नाही. काठावर चरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत तो अडकला, तर हालचालीसरशी अधिकच आवळत जातो. नाथसागराचा परिसर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे; हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यांच्या वाटेतील अशी भेंडोळी केवळ अस्वच्छता नसून सापळाच ठरतात. कापलेला प्रत्येक तुकडा पिशवीत भरून घरी आणणे, हा म्हणूनच या छंदाचा किमान शिष्टाचार मानला पाहिजे.

परवानगीचाही प्रश्न आहे. जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि त्यावर स्थानिक मासेमारांचा चरितार्थ चालतो. त्यामुळे काठी उचलण्यापूर्वी संबंधित संस्थेला विचारणे आवश्यक ठरते. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असल्याने वन विभागाच्या परवानगीखेरीज मासेमारीचा विचारही करू नये.

महागड्या रिळाने फेक दूर जाईलच असे नाही. मैदानावर घालवलेल्या चार-पाच संध्याकाळी मात्र बहुतेक गुंते टाळतात आणि धरणाच्या काठावर कापून टाकण्याजोगा दोराच फारसा उरत नाही.