गडद कपाटें आणि स्वयंपाकघरांतील फरशी

शिसवी किंवा गडद सागवानी कपाटांनीं स्वयंपाकघरास भारदस्तपणा येतो. पण उजेड कमी होतो. त्यांत काळा कडप्पा घातल्यास खोली अधिकच अंधारते व सांडलेलें पाणी दिसत नाहीं. झिलईदार पांढरी फरशी शोभते खरी. परंतु ओली होतांच निसरडी बनते. घरांत वृद्ध माणसें व धांवतीं नातवंडें असतां पाय घसरण्याचें भय शोभेहून मोठें मानिलें पाहिजे. म्हणून राजस्थानांतील हिरवट-करडा कोटा, झिलई न केलेला, आम्हांस अधिक सोयीचा वाटतो. मात्र हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आंबटानें तो खराब होतो. सांडलेलें तत्काळ पुसावें. खरेदीपूर्वीं नमुना घरीं आणून कपाटाशेजारीं ठेवावा आणि ओला करून त्यावर अनवाणी उभें राहून पाहावें.