बारा वर्षं सहा महिने

कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात १९९४ साली राहत असलेल्या कोणापुढेही ‘राठी हत्याकांड’ एवढे दोन शब्द उच्चारावेत, पुढचं सांगावं लागत नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पौड रस्त्यावरच्या एका घरात एकाच कुटुंबातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलं मारली गेली. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. हेतू चोरीचा होता आणि मागे साक्षीदार उरू नये म्हणून कोणालाच जिवंत सोडलं गेलं नाही. आरोपी तिघे होते. त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना पुण्याच्या न्यायालयाने १९९८ मध्ये फाशी सुनावली, १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुण्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं होतं.

२७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांपैकी एकाला सोडून दिलं. गुन्हा घडला तेव्हा तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता, असं न्यायालयाने मान्य केलं. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेत जन्मतारखेची नोंद होती. पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी करून अहवाल दिला आणि तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो स्वीकारला. तोवर या माणसाने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता आणि त्यातली बहुतेक वर्षं डोक्यावर फाशी घेऊन. निकालपत्रात त्याचं नाव आहे. पण बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, म्हणून ते इथे लिहीत नाही.

निकाल वाचून आपल्या भागात दोन प्रकारचा संताप झाला. दोन्ही मला खरे वाटतात. सात माणसं गमावलेल्या घराला अठ्ठावीस वर्षांनी ऐकावं लागलं की ज्याला फाशी झाली होती, त्याला कायद्याने तीन वर्षांहून अधिक काळ डांबताच आलं नसतं. आणि बारा वर्षांचा एक मुलगा प्रौढ समजून कोठडीत गेला, प्रौढांच्या तुरुंगात वाढला, चाळिशी ओलांडून बाहेर आला. सुटलेल्या मुलांसाठी कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे सुटकेनंतर आधार देण्याची तरतूद आहे. ती एकविसाव्या, फार तर तेविसाव्या वर्षी संपते. त्याच्यासाठी ती केव्हाच संपून गेली होती.

हा घोळ कायद्यातल्या पळवाटेमुळे झाला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९८६ चा बाल न्याय कायदा १९९४ मध्ये लागू होता आणि त्यानुसार सोळा वर्षांखालच्या मुलग्याला फाशी किंवा तुरुंगवास देताच येत नव्हता. मुंबई इलाख्यात तर बालकांसाठीचा वेगळा कायदा १९२४ पासूनचा आणि मुंबईतली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ ची. मुलाचा गुन्हा वेगळा पाहावा, ही कल्पना आपल्याकडे कालपरवा आलेली नाही. राठी प्रकरणात राहून गेला तो एक साधा प्रश्न: हा मुलगा किती वर्षांचा आहे, कुठल्या शाळेत होता, पुण्यात कोणासोबत आला? खटल्याच्या कागदांत त्याचं वय प्रौढाचं पडलं आणि पुढची सगळी न्यायालयं त्यावरूनच चालत गेली.

२०२३ च्या निकालपत्रातला एक परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. बारा वर्षांचा मुलगा इतकं भीषण कृत्य करू शकतो का, ही शंका न्यायमूर्तींनाही आली. ही गोष्ट धक्का देणारी आहे, हे त्यांनी लपवलं नाही. मात्र अशा तर्कावर निर्णय देता येणार नाही आणि बालमानसशास्त्राचं किंवा गुन्हेशास्त्राचं ज्ञान आपल्यापाशी नाही, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं. देशातल्या सर्वोच्च न्यायासनाने इतक्या सरळपणे आपली मर्यादा सांगावी, याचं मोल मला फार वाटतं. कारण २०१५ च्या बाल न्याय कायद्याने नेमकं हेच ज्ञान प्रत्येक जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाकडे आहे असं गृहीत धरलं आहे.

तो कायदा कसा आला ते सर्वांना आठवतं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षं पूर्ण करून २० डिसेंबर २०१५ रोजी सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवं विधेयक मंजूर केलं. १५ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, अशा गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची मंडळाने प्राथमिक पाहणी करायची: गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. तीन महिन्यांत हे ठरवायचं आणि गरज वाटली तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला भरायला प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. ही पाहणी किती नाजूक आहे आणि मंडळात जाणकार नसेल तर मानसशास्त्रज्ञांची मदत घेतलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये वेगळं बजावावं लागलं.

माझ्या मते इथे प्रश्नच चुकीचा विचारला जातो. सतरा वर्षांच्या मुलाला कोयता मारल्यावर माणूस मरतो हे कळतं. ते दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. रागाच्या, भीतीच्या, मित्रांच्या देखत इज्जत राखण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात कळलेलं वापरता येतं का, हा खरा प्रश्न आहे. आणि मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, यावर शास्त्रज्ञांचं आता बऱ्यापैकी एकमत आहे. अमेरिकेने १९८० आणि १९९० च्या दशकांत हजारो मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवलं. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञगटाने २००७ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रौढ व्यवस्थेत गेलेली मुलं बाल व्यवस्थेतल्या मुलांपेक्षा सुमारे ३४ टक्के अधिक प्रमाणात पुन्हा हिंसक किंवा इतर गुन्ह्यात अटक झालेली दिसली. कडक केल्याने रस्ते सुरक्षित होतील या आशेने केलेल्या गोष्टीने रस्ते अधिक धोक्याचे केले. ज्यांना आपल्या गल्लीची काळजी आहे, त्यांनी हा आकडा सर्वांत आधी पाहावा.

आणि गल्लीची काळजी करायला कारण आहे. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात कोयते नाचवत रस्ता वेठीला धरणाऱ्यांची चित्रफीत शहरभर फिरली, ‘कोयता गँग’ हा शब्द घराघरांत गेला आणि कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगेपर्यंत वेळ आली. नारळ सोलायचं, ऊस तोडायचं हत्यार. बातम्यांमध्ये ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे गुन्ह्यात सापडलेलं मूल, हा अवघड शब्द रोजचा झाला. ‘खुन्नसने का पाहिलं’, ‘वर्चस्वाचा वाद’ ही कारणंही रोजचीच झाली.

देशाच्या आकड्यांत मात्र या मुलांचा वाटा लहान आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ साठी अल्पवयीन मुलांवर दाखल झालेले ३०,५५५ गुन्हे नोंदवले. देशातल्या एकूण गुन्ह्यांत ते एक टक्क्याहूनही कमी भरतात. पकडलेल्या मुलांपैकी चारात तीनाहून अधिक सोळा ते अठरा वयाची. म्हणजे लाट आलेली नाही. पण ज्या सोसायटीच्या फाटकावर गाड्या फुटल्या, तिथल्या माणसाला टक्केवारी सांगून उपयोग नाही, हेही मला मान्य आहे.

त्याला दुसरी गोष्ट सांगावीशी वाटते. बाल न्याय कायद्याचं ८३ वं कलम. कोणी प्रौढ माणूस मुलाला बेकायदा कामासाठी वापरत असेल, तर त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. भाई स्वतः मागे राहतो, कारण त्याला तडीपारीची, मोक्क्याची धास्ती असते. पोराला पुढे करतो, कारण ‘तुला काही होत नाही, वर्षभरात बाहेर येशील’ हे त्याला पोराला पटवता येतं. वाढदिवसाचा केक कोयत्याने कापायला लावतो, रील टाकायला लावतो, मोबाइल देतो. मुलावर गुन्हा दाखल झाला की चौकशी मुलापाशीच थांबते. कोयता कोणी दिला, गाडी कोणाची, वकिलाची फी कोण भरतंय, या दिशेने तपास गेला तर ८३ वं कलम आपोआप समोर येईल. मुलांचं वय अठरावरून सोळावर आणा, अशी मागणी दर महिन्याला होते. हे कलम लावा, अशी मागणी करणारा मोर्चा मी अजून पाहिलेला नाही. वय सोळावर आणलं तर भाई पंधरा वर्षांचा शोधेल.

आता कर्वेनगरकडे येऊ, कारण या सगळ्याचं एक उत्तर तिथल्या हिल साइड भागात उभं आहे. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर आणला, तेव्हा शहराने नाकारलेल्या मुली आणि विधवा शहराबाहेरच ठेवाव्या लागल्या होत्या. आज त्या माळाचं कर्वेनगर झालं आहे आणि त्यांच्याच नावाने १९६३ मध्ये सुरू झालेली कर्वे समाजसेवा संस्था इथे समाजकार्याचं शिक्षण देते. बाल न्याय व्यवस्थेत अशा शिक्षणाची सर्वांत जास्त गरज पडते ती परिविक्षा अधिकाऱ्याला. मूल ताब्यात आलं की त्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल मंडळापुढे ठेवायचा असतो. घरी कोण आहे, कमावतं कोण, बाप दारू पितो का, मूल मार खाऊन वाढलं का, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, संगत कोणाची, नशा कसली, याआधी कोणाला त्रास दिला, आणि घडल्या गोष्टीबद्दल त्याला काय वाटतं. राठी प्रकरणात १९९४ च्या सप्टेंबरपर्यंत असा एक प्रामाणिक अहवाल तयार झाला असता, तर शाळेचा दाखला अठ्ठावीस वर्षं वाट पाहत बसला नसता.

हा अहवाल चांगला लिहायला एक घर, एक शाळा, एक चौक आणि पीडिताची बाजू पाहावी लागते. घाईने भरलेला छापील नमुना आणि खरा अहवाल यात मुलाच्या पुढच्या आयुष्याएवढं अंतर असतं. मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर हे सगळ्यांनी पाहिलं. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि त्याच दिवशी गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन मिळाला. देश खवळला तो निबंधावर. पुढे सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना काढलं. उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी मुलाला निरीक्षणगृहातून सोडायला सांगितलं, तर त्याला प्रौढ समजून खटला चालवण्याची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. तो गुन्हा कोयत्याच्या जातीचा नव्हे. पण घरची माणसं, पैसा, गाडीची किल्ली, या सगळ्याची चौकशी होण्याआधीच निर्णय झाला, ही दुखरी जागा दोन्हीकडे एकच आहे. येरवड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू उद्योग केंद्रातल्या निरीक्षणगृहात राहणाऱ्या बहुतेक मुलांसाठी उभं राहायला तेवढे वकीलही नसतात.

दोन परदेशी प्रकरणं इथे आठवतात. फेब्रुवारी १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलजवळ दहा वर्षांच्या दोन मुलांनी एका दोन वर्षांच्या बाळाला ठार मारलं. त्यांना प्रौढांच्या न्यायालयात उभं केलं, नावं जाहीर केली, बाहेर संतप्त जमाव उभा होता. ती सुनावणी न्याय्य नव्हती, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवलं. ऑक्टोबर १९९४ मध्ये, राठी प्रकरणानंतर दोनच महिन्यांनी, नॉर्वेत ट्रॉनहाइमला लहान मुलांनी एका पाच वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. तिथे खटला झाला नाही, नावं बाहेर आली नाहीत, मुलं बालवाडीत आणि शाळेत परत गेली आणि मानसतज्ज्ञ वर्षानुवर्षं सोबत राहिले. नॉर्वेची परिस्थिती पुण्यात आणता येणार नाही, आणता यावी असंही मी म्हणत नाही. सतरा वर्षांच्या मुलाने ठरवून खून केला असेल तर तीन वर्षं मला अपुरी वाटतात. त्यानंतरही पाच-सात वर्षं सक्तीची देखरेख, ठरावीक हजेरी, समुपदेशन आणि काम असावं, असं माझं मत आहे. पण ते बाल व्यवस्थेच्या आत.

आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना या व्यवस्थेत बसायला खुर्चीच नाही. मुलाची गोपनीयता जपताना आपण मृताच्या आईला दाराबाहेर ठेवतो. मूल कुठे आहे, काय शिकतं आहे, त्याला केल्याची जाणीव झाली का, हे तिला कोणी सांगत नाही. मग ती वर्तमानपत्रांतून ऐकते आणि तिचा राग न्याय्यच असतो. मुलाची ओळख जगापासून झाकूनही, तिला मंडळापुढे आपलं म्हणणं मांडण्याचा, त्याच्या प्रगतीचा अहवाल ऐकण्याचा हक्क देता येईल. मुलांच्या बाजूने बोलणारे आपण कार्यकर्ते या आईबद्दल फार कमी बोललो आहोत.

महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यातच आहे. पुणे जिल्ह्यात परिविक्षा अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, एका अधिकाऱ्याकडे एका वेळी किती मुलं, किती अहवाल पंधरा दिवसांत गेले, आणि गेल्या पाच वर्षांत ८३ व्या कलमाखाली किती प्रौढांवर गुन्हे दाखल झाले: माहितीच्या अधिकारात एवढंच विचारायला दहा रुपयांचा अर्ज लागतो. कर्वेनगरातल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाने, गणेश मंडळाने किंवा सोसायटीने तो या दिवाळीनंतर टाकावा आणि आलेलं उत्तर चौकातल्या फळ्यावर लावावं.