गोडाची पारख करणारा उजेड

पिठीसाखर, ग्लुकोजची पूड आणि मधुमेही माणसं चहात घालतात ते ॲस्पार्टेम. तीन वाट्यांत तिन्ही काढून ठेवल्या, तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कठीण. जिभेला विचारावं तर ती म्हणणार, तिन्ही गोड! पण बाळांनो, एक पारखी असा आहे, की तो चव न घेता सांगतो, ही साखर, हे ग्लुकोज आणि हे ते तिसरं. तो पारखी म्हणजे उजेड.

माठ घ्यायला गेलं की आजी काय करते? बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघते. पक्का माठ खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. रेणूचंही तसंच आहे. त्यातले अणू एकमेकांना धरून असतात, पण ताठ उभे नसतात. सारखे ताणतात, आखडतात, वाकतात, तेही सेकंदाला सुमारे ३० लाख कोटी वेळा! अणू जड असला की कंप सावकाश, बंध घट्ट असला की जलद. म्हणून ज्या त्या रेणूचा कंप त्याचा त्याचा. आता एवढ्याशा रेणूला टिचकी कोण मारणार? तिथे उजेडच लागतो.

ही टिचकी आपल्या देशात कळली ती कलकत्त्यात, बऊबाजार रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत. तिथे चंद्रशेखर व्यंकट रामन द्रवांमधून उजेड कसा विखुरतो ते बघत होते. त्यांच्याकडे वेंकटेश्वरन नावाचे एक रसायनज्ञ, आपली नोकरी सांभाळून, प्रयोग करायला येत. त्यांनी अगदी शुद्ध केलेल्या ग्लिसरीनमधून सूर्यप्रकाश सोडला. विखुरलेला उजेड निळसर दिसायला हवा होता, तो दिसला लखलखीत हिरवा. आणि गंमत बघा, ग्लिसरीन चवीला गोड असतं! खोकल्याच्या औषधात घालतात ना, तेच. या शोधाच्या वाटेवर एक गोड द्रव उभा होता, याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

मग रामन आणि के. एस. कृष्णन यांनी एकामागून एक साठ द्रव तपासले. साधनं साधीच होती. सूर्याचा उजेड दुर्बिणीच्या भिंगाने एकवटायचा, रंगीत काचेतून गाळायचा, द्रवात सोडायचा आणि बाजूने डोळा लावायचा. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी वर्णपटदर्शकातून पाहिलं, तेव्हा आत सोडलेल्या रंगाच्या शेजारी, मधे काळोखाची फट सोडून, दुसराच रंग उमटला होता. तुमच्या शाळेत विज्ञान दिन साजरा होतो तो याच तारखेला. त्याच दिवसांत मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांनाही स्फटिकांमध्ये हेच दिसत होतं.

घडतं ते असं. विखुरलेला जवळजवळ सगळा उजेड आला त्याच रंगाने परततो. कोटीतला एखादाच कण रेणूला कंपासाठी थोडी ऊर्जा देऊन येतो, आणि तेवढा त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो. किती सरकला ते मोजलं की रेणूचा कंप कळला. ॲस्पार्टेममध्ये सहा कार्बनचं एक कडं असतं. ते सगळं मिळून फुगतं-आकसतं, आणि वर्णपटात, रंग किती सरकला ते दाखवणाऱ्या मोजपट्टीवर, १००० या आकड्याजवळ ठळक, टोकदार रेघ उठते. साखरेत तसलं कडं नाही, म्हणून तिथे ही रेघही नाही. सुक्रालोज मुळात साखरच, पण तिच्यात क्लोरिनचे तीन अणू बसवलेले. क्लोरिन जड, त्याचे कंप सावकाश, त्यामुळे त्यांच्या रेघा खालच्या आकड्यांकडे सापडतात.

मधाचं प्रकरण मात्र अवघड. त्यातला मोठा भाग फ्रुक्टोज आणि ग्लुकोजचा. दोघांत ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. अणू तेच, मांडणी निराळी! तरी उजेड फसत नाही. फ्रुक्टोज ६३०च्या आसपास जोरात बोलतो, ग्लुकोजच्या रेघा दुसरीकडे. पाण्याचा स्वतःचा आवाज इथे फार क्षीण असतो, म्हणून पातळ, ओलसर पदार्थ तसेच तपासता येतात, काचेच्या बाटलीतूनसुद्धा. अडचण येते ती मधाच्या स्वतःच्या चकाकीची. हिरवा लेसर टाकला की मध असा उजळतो की बारीक रेघा त्यात बुडून जातात. म्हणून डोळ्यांना जेमतेम दिसणारा किंवा मुळीच न दिसणारा, तांबड्यापलीकडचा लेसर वापरतात.

पण भेसळ करणाऱ्याने मधातल्याच प्रमाणात फ्रुक्टोज-ग्लुकोजचा पाक मिसळला, तर? मग एका रेघेवर निवाडा करू नये. खात्रीच्या अनेक मधांचे वर्णपट शेजारी ठेवून ताडून पाहावं लागतं, आणि जोडीला दुसऱ्या चाचण्याही कराव्या लागतात. यंत्राने म्हटलं की संपलं, असं मानणारा माणूस मला पटत नाही.

आता तुम्ही विचाराल, आजोबा, या रेघांवरून पदार्थ किती गोड ते कळतं का? नाही रे! रेघा रेणूची घडण सांगतात. गोडी ठरते ती रेणू जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या ग्राहकात कसा बसतो त्यावर. मांजरीच्या जिभेवर गोडाचा तो ग्राहक कामच करत नाही. तिला पेढा दिलात तर ती त्यातल्या दुधातुपासाठी चाटेल, साखरेचं तिला काही नाही. साखरेची रेघ मात्र त्या पेढ्यात जिथली तिथेच असेल.