पन्नासच्या ठेक्यावर फिरणारे चंद्रपूर

प्रतिनिधी, चंद्रपूर

चंद्रपूर शहरातून दुर्गापूरच्या दिशेने निघाले की महाऔष्णिक वीज केंद्राची उंच धुरांडी दुरूनच दिसू लागतात. जिल्ह्याला हे केंद्र परिचित आहे ते कोळशामुळे, राखेमुळे, इरई धरणाच्या पाण्यामुळे आणि अलीकडे परिसरात वावरणाऱ्या वाघांमुळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचे मूल्यमापन केले, तेव्हा अतिप्रदूषितांच्या यादीत चंद्रपूर चौथे होते. तेव्हापासून ‘केंद्र हटवा’ आणि ‘मग वीज कोठून आणणार?’ हा वाद शहरात अधूनमधून रंगतो. धुरांड्यांलगतच्या इमारतीत जे यंत्र अहोरात्र फिरत असते, त्याची चर्चा मात्र सहसा होत नाही. वास्तविक या वादाचा एक मोठा धागा त्या यंत्रातच गुंतलेला आहे.

या यंत्राचे नाव सिंक्रोनस जनरेटर. मराठीत ‘समकालिक जनित्र’. त्याची मूळ रचना साधी आहे. मध्यभागी घडीव पोलादाचा एक लांबलचक दंडगोल असतो, तो रोटर. त्यावरील तारांच्या वेटोळ्यांतून एकदिश प्रवाह सोडला की तो एक प्रचंड लोहचुंबक बनतो. एक उत्तर ध्रुव, एक दक्षिण ध्रुव. भोवती स्थिर असलेला भाग म्हणजे स्टेटर. त्यात तांब्याच्या तीन गुंडाळ्या एकमेकींपासून १२० अंशांच्या अंतराने बसविलेल्या असतात. वाफेवर चालणारे टर्बाईन रोटर फिरविते, चुंबक गुंडाळ्यांसमोरून सरकत जातो आणि त्यांत वीज निर्माण होते. एका फेऱ्यात विजेचे एक आवर्तन पूर्ण होते. आपल्या देशात सेकंदाला ५० आवर्तने हे प्रमाण ठरलेले आहे, म्हणून दोन ध्रुवांच्या या रोटरला सेकंदाला ५०, म्हणजेच मिनिटाला ३००० फेरे घ्यावे लागतात. रोटरचा व्यास केवळ एक मीटर धरला, तरी त्याच्या पृष्ठभागाचा वेग ताशी ५६५ किलोमीटर भरतो. हवेच्या घर्षणाने होणारा ऊर्जेचा अपव्यय टाळण्यासाठी अशा मोठ्या जनित्रांत हवेऐवजी तिच्यापेक्षा सुमारे चौदा पट हलका हायड्रोजन भरलेला असतो. उष्णताही तो अधिक चांगली वाहून नेतो.

चंद्रपूरचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, दुसरा १९८४ मध्ये. हे दोन्ही संच आता सेवेतून निवृत्त झाले आहेत. पुढे ५०० मेगावॅटचे संच आले; त्यांतील आठवा आणि नववा २०१६ मध्ये. पहिले दोन वगळता केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट भरते. यांतील कोणताही संच आपल्या मर्जीने फिरत नाही, आणि ‘समकालिक’ या शब्दाचा अर्थ नेमका तोच आहे. स्टेटरमधून तीन फेजचा प्रवाह वाहू लागला की त्याचेही एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्याचा वेग ग्रिडच्या वारंवारतेने बांधलेला असतो. रोटरचा चुंबक या क्षेत्राला जणू बिलगून फिरतो. ग्रिडला जोडलेले दुसरे प्रत्येक समकालिक यंत्रही तसेच. गडचिरोलीच्या गावांत हातात हात गुंफून चाललेले रेला नृत्य ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे चटकन उमगेल. साखळीतील एकाला पाऊल लवकर टाकता येत नाही, उशिराही टाकता येत नाही.

या साखळीत नव्याने शिरणे हे नाजूक काम आहे. येणाऱ्या संचाचे व्होल्टेज, वारंवारता आणि फेजचा क्रम ग्रिडशी जुळावा लागतो. शिवाय दोन्हीकडची आवर्तने नेमकी एकाच क्षणी शिखरावर पोहोचली पाहिजेत. नियंत्रण कक्षात सिंक्रोस्कोप नावाच्या उपकरणाचा काटा सावकाश फिरत बारावर येतो, तेव्हाच ब्रेकर लावला जातो. तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत हेच तीन दिव्यांनी शिकविले जाते. दिवे मंदावत मंदावत विझले की तो योग्य क्षण. तो चुकला तर संपूर्ण शाफ्टला असा हिसका बसतो की दुरुस्तीसाठी संच बंद ठेवण्याची वेळ येऊ शकते.

एकदा जोडले गेल्यावर रोटर आणि स्टेटरचे क्षेत्र एकाच वेगाने फिरतात, परंतु एका रेषेत नसतात. जनित्राचा रोटर किंचित पुढे असतो. पुढे असण्याच्या या कोनाला ‘भारकोन’ म्हणतात आणि यंत्राच्या अभ्यासाचे मर्म त्यातच आहे. दोघांमध्ये एक ताणलेले रबर आहे, अशी कल्पना करावी. वाफ अधिक सोडली की वेग वाढत नाही. रबर अधिक ताणले जाते आणि अधिक वीज बाहेर पडते. गणिताच्या भाषेत ही शक्ती भारकोनाच्या साईनच्या प्रमाणात वाढते. अर्थात कोन ९० अंशांवर गेला की वाढ संपते. त्यापलीकडे ढकलले तर पकड सुटते, रोटर घसरू लागतो आणि संच ग्रिडमधून तोडावा लागतो.

खरी परीक्षा बिघाडाच्या वेळी असते. चारशे किलोव्होल्टच्या वाहिनीवर वीज कोसळली, शॉर्टसर्किट झाले की वीज बाहेर जाण्याचा मार्ग क्षणभर खुंटतो. टर्बाईनला त्याची वार्ता नसते. वाफ रोटरला ढकलतच राहते. कोन झपाट्याने वाढू लागतो. सुरक्षा यंत्रणेने सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात बिघडलेला भाग तोडला, तर रोटर झोके घेत पुन्हा जागेवर येतो. अभियंते आलेखावर दोन क्षेत्रफळे काढून हे आधीच तपासतात: वेग वाढताना जमा झालेली ऊर्जा आणि वेग ओसरताना परत देता येणारी ऊर्जा. दुसरे क्षेत्रफळ पहिल्याला पुरले नाही, तर यंत्र ताल सोडणार हे निश्चित. जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखांना उत्तरेकडील ग्रिड कोसळले; दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. तेव्हा पश्चिम ग्रिड वेगळे होऊन तगले आणि चंद्रपूरची यंत्रे त्यातच होती.

विश्लेषणाची जी युक्ती जगभर वापरली जाते, तिचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण ती खरोखर देखणी आहे. स्टेटरच्या गुंडाळीत उभे राहून पाहिले तर समोरचा चुंबक सारखा जागा बदलतो, प्रत्येक राशी क्षणोक्षणी पालटते आणि समीकरणे हाताबाहेर जातात. फ्रान्सच्या आंद्रे ब्लोंडेल यांनी स्टेटरच्या परिणामाची दोन अक्षांवर विभागणी केली होती, अमेरिकेतील आर. एच. पार्क यांनी १९२९ मध्ये त्या विचाराला पूर्ण गणिती रूप दिले. त्यांनी निरीक्षकाला उचलून थेट रोटरवर बसविले. महाकालीच्या चैत्र यात्रेत फिरत्या चक्रावर बसलेल्या मुलाला शेजारचा घोडा स्थिर दिसतो, फिरते ते बाहेरचे जग, तसेच हे. रोटरवरून पाहिले की स्टेटरचे फिरते क्षेत्रही स्थिर दिसते आणि सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणारे आकडे शांत होऊन बसतात. आजचे संगणकीय अभ्यासही याच बैठकीवर उभे आहेत.

तालाचे हे बंधन किती कडक असते, याची साक्ष चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावती येथे आहे. दक्षिण भारताचे ग्रिड पूर्वी वेगळ्या तालावर चालत असे. दोन्हीकडे वारंवारता पन्नासच्या आसपासच, पण पाऊल एक नव्हते. त्यामुळे तार थेट जोडणे अशक्य होते. भद्रावतीला १००० मेगावॅट क्षमतेचे केंद्र उभारून एका बाजूची वीज आधी एकदिश करायची आणि लगेच दुसऱ्या बाजूच्या तालात पुन्हा प्रत्यावर्ती करायची, असा तोडगा काढण्यात आला. रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली, आणि सारा देश एका ठेक्यावर आला. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला जाणारी ७५२ किलोमीटरची वाहिनीही एकदिशच आहे. तिची क्षमता १५०० मेगावॅट असून ती १९९९ पासून सेवेत आहे.

आता मूळ वादाकडे वळू. औष्णिक केंद्र ग्रिडला वीज देते, हे सर्वांना दिसते. त्याखेरीज ते देते फिरते वजन. कोठे मोठा संच अचानक बंद पडला, तर त्याची उणीव पहिल्या क्षणी कोण भरून काढते? वाफेच्या झडपा उघडण्यास काही सेकंद लागतात. तोवर ग्रिडमधील सर्व रोटर किंचित मंदावतात आणि आपल्या गतीत साठलेली ऊर्जा देऊन टाकतात. याला जडत्व म्हणतात. पाचशे मेगावॅटच्या संचात टर्बाईनसह साठलेली ऊर्जा ढोबळमानाने साडेसहाशे युनिट निघते. चार-पाच मध्यमवर्गीय घरांचे महिन्याचे बिल, एवढेच! शिवाय वारंवारता पन्नासवरून साडेएकोणपन्नासवर आली, तर त्यातील जेमतेम १३ युनिट मोकळी होतात. पण ती मागावी लागत नाहीत, कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आकड्याने क्षुल्लक वाटणारा हा साठा वेळेवर मिळतो, यातच त्याचे मोल आहे.

२००० च्या दशकातील भारनियमन ज्यांना आठवते, त्यांना वारंवारता ४९ हर्ट्झच्या खाली जाण्याच्या बातम्याही आठवत असतील. आता ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा पाळणे अपेक्षित असते. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली. जलविद्युत केंद्रांनी निर्मिती वेगाने कमी-अधिक केली आणि वारंवारता ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली. त्या रात्री फिरते वजन भरपूर होते. सौर पॅनेलमध्ये मात्र फिरणारे काहीच नसते. ते इन्व्हर्टरमार्फत ग्रिडला जोडले जाते, आणि सध्याचे बहुतेक इन्व्हर्टर ताल देत नाहीत, मिळालेला ताल पकडतात.

दुसरी सेवा व्होल्टेजची. रोटरच्या चुंबकाचा जोर वाढविला की यंत्र ग्रिडला रिॲक्टिव्ह पॉवर पुरविते आणि व्होल्टेज चढते. जोर कमी केला की ती शोषून घेते आणि व्होल्टेज उतरते. मोटारी आणि रोहित्रे यांची चुंबकीय क्षेत्रे उभी करणारी ही शक्ती दूरवर वाहून नेता येत नाही. ती जागच्या जागी मिळावी लागते. स्पेन आणि पोर्तुगाल २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी अंधारले, तेव्हा सुरुवात झाली ती व्होल्टेज आवाक्याबाहेर चढल्याने. चंद्रपूर-पडघे वाहिनीच्या थायरिस्टर यंत्रणेलाही दोन्ही टोकांना भक्कम प्रत्यावर्ती व्होल्टेज लागते. म्हणजे येथील जनित्रांचा प्रश्न केवळ मेगावॅटचा नाही.

हेच यंत्र उलटेही चालते. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचासमोर, गोदावरीच्या पलीकडे तेलंगणाने मेडीगड्डा बंधाऱ्यालगत कन्नेपल्ली येथे प्रत्येकी ४० मेगावॅटचे पंप बसविले. एवढ्या क्षमतेच्या मोटारी समकालिक प्रकारच्या असतात. तेथे रोटर क्षेत्राच्या किंचित मागे राहून भार ओढतो. जुलै २०२२ च्या पुरात ते पंपगृह बुडाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले. पाण्याखाली गेलेल्या शेतांचा हिशेब सिरोंच्याचे शेतकरी आजही मागत आहेत. त्या यंत्रांची वीज वा पाणी यांपैकी त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न अभियांत्रिकीचा नव्हे.

समकालिक मोटारीला कोणताही भार न जोडता नुसती फिरत ठेवली आणि तिच्या चुंबकाचा जोर हवा तसा कमी-जास्त केला, तर उरतो सिंक्रोनस कंडेन्सर. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. ग्रिडकडून थोडी वीज घेऊन तो फिरतो आणि व्होल्टेजचा आधार, बिघाडाच्या वेळचा प्रवाह व काही प्रमाणात जडत्व देतो. जर्मनीत बिब्लिस येथील अणुवीज केंद्र २०११ मध्ये बंद झाल्यावर त्याच्या ‘अ’ संचाचे जनित्र टर्बाईनपासून सोडवून २०१२ पासून काही वर्षे असेच चालविण्यात आले. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ साली संपूर्ण राज्य अंधारात गेले होते. तेथे पुढे चार नवे कंडेन्सर बसविले गेले आणि २०२१ मध्ये ते कामाला लागले.

चंद्रपूरचे उरलेले जुने संच आज ना उद्या निवृत्त होतील. त्या वेळी सगळेच भंगारात काढायचे, की एखाद्या जनित्राला फिरते ठेवायचे, याचा विचार आधी व्हायला हवा. जागा, चारशे किलोव्होल्टचे उपकेंद्र, रोहित्रे आणि यंत्र जाणणारे कर्मचारी येथे आहेतच. अडचणीही आहेत. टर्बाईन सुटल्यावर जडत्वाचा मोठा वाटा निघून जातो, तो भरण्यासाठी वेगळे चाक जोडावे लागते. रोटर शून्यापासून ३००० फेऱ्यांपर्यंत नेण्यासाठी वेगळी मोटार किंवा यंत्रणा लागते. दशकानुदशके तापलेल्या गुंडाळ्यांचे इन्सुलेशन किती काळ टिकेल, हे प्रत्येक यंत्र तपासूनच सांगता येते. आणि जे यंत्र एकही युनिट विकत नाही, त्याच्या फिरण्याचे पैसे कोणत्या शीर्षाखाली द्यायचे, हे नियामक आयोगापुढे मांडावे लागेल.